रोजचं एकच घड्याळ: ब्लॅक बे 54 की अ‍ॅक्वा टेरा 38?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीहून रोज लोकलने परळचं ऑफिस. पूर्ण बाह्यांचा शर्ट, आठवड्यातून दोनदा क्लायंटसमोर बसणं, अधूनमधून शनिवार-रविवार अलिबाग. मनगट 16.5 सेंटिमीटर. आठवडाभर एकच घड्याळ घालायचं, फक्त शनिवार-रविवारी पळायला जाताना स्मार्टवॉच. यादी कापत कापत दोन नावं उरली आहेत: टुडर ब्लॅक बे 54 आणि ओमेगा सीमास्टर अ‍ॅक्वा टेरा 38. दोन्ही स्टीलची, दोन्ही स्टीलच्या चेनवर. ओमेगाला दीडपटीहून जास्त पैसे पडतात. त्या जास्तीच्या पैशांत रोजच्या वापरासाठी नक्की काय पदरात पडतं?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. या दिनक्रमाला ब्लॅक बे 54 घ्या. मशीन चांगलं म्हणून नव्हे (मशीन ओमेगाचंच सरस आहे), चेनचं लॉक चांगलं म्हणून. मुंबईत वर्षातले आठ महिने मनगट सकाळी एका मापाचं असतं आणि संध्याकाळी दुसऱ्या. रोज बारा तास घालायच्या घड्याळात हा फरक सांभाळणारं लॉक असणं, हे तबकडीवर छापलेल्या कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

हे जरा उलगडून सांगायला हवं, कारण दुकानात एसीमध्ये पाच मिनिटं घड्याळ घालून हे कळत नाही. दमट हवेत, उभ्याने प्रवास करताना, हात वर करून हँडल धरून ठेवल्यावर आणि मग दुपारी खारट जेवणानंतर मनगटाचा घेर काही मिलिमीटरने सहज बदलतो. स्टीलची चेन चामड्यासारखी ताणत नाही. सकाळी बरोबर बसवलेली चेन संध्याकाळी कल्याण लोकलमध्ये काचते, आणि संध्याकाळच्या मापाने बसवली तर सकाळी घड्याळ गोल फिरून मनगटाच्या हाडावर आपटत राहतं. लोक मग ती सैलच ठेवतात. सैल घड्याळाचं लॉक टेबलावर, लॅपटॉपच्या कडेवर, ट्रेनच्या दांड्यावर घासतं आणि वर्षभरात त्याची रया जाते.

ब्लॅक बे 54 च्या लॉकला टुडर टी-फिट म्हणते. लॉक उघडायचं, आतल्या बाजूने चेनचं टोक किंचित उचलायचं, पुढे किंवा मागे सरकवायचं, टक्क आवाज आला की सोडायचं. पाच खाचा आहेत आणि सगळ्या मिळून 8 मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे दर खाचेला साधारण 2 मिलिमीटर. अवजार लागत नाही, घड्याळ मनगटावरून पूर्ण उतरवावंही लागत नाही. ठाण्याला गर्दी उतरेपर्यंत हे काम होऊन जातं.

अ‍ॅक्वा टेराचं पारंपरिक लॉक फुलपाखरासारखं दोन्ही बाजूंनी मिटणारं आहे. दिसायला ते निर्विवाद देखणं. मिटल्यावर चेन अखंड वाटते, खाली जाड पत्रा येत नाही, की-बोर्डवर हात टेकल्यावर टोचत नाही. पण त्यात सरकवायला जागा नाही. माप बदलायचं म्हणजे कडी काढायची किंवा घालायची, आणि अख्खी कडी हा मोठा फरक होतो. ओमेगाने अलीकडच्या काही चेनमध्ये थोडी ढील देणारी सोय आणली आहे, पण दुकानात असलेला नेमका तुकडा कुठल्या चेनचा आहे ते लॉक उघडून स्वतः पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. "साहेब, सगळ्यांना येतं" या वाक्यावर विसंबू नये. ढिलीची सोय नसलेली चेन तुमच्या मनगटावर योगायोगाने नेमकी बसली तर बसली. नाही बसली तर रोजचा चिडचिडाट.

आता मापं. आकडे पाहून लोक 37 आणि 38 म्हणजे सारखंच असं धरून चालतात. ब्लॅक बे 54 चा व्यास 37 मिलिमीटर, जाडी 11.2, आणि वरच्या लगच्या (पट्टा अडकवायच्या शिंगाच्या) टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंत 46. अ‍ॅक्वा टेरा 38 मिलिमीटर, जाडी सव्वाबाराच्या आसपास, लांबी 45 च्या जवळपास. 16.5 सेंटिमीटरच्या मनगटावर दोन्ही बसतात. पण घेर हा फसवा आकडा आहे. मनगट सपाट आहे की गोल, यावर सगळं ठरतं. एक कागदाची पट्टी घ्या, मनगटाच्या हाडाच्या मागे, म्हणजे कोपराच्या बाजूला, सरळ आडवी टेकवा, आणि जिथून कातडी खाली वळायला लागते त्या दोन जागांवर खुणा करा. हे अंतर 48 मिलिमीटरहून जास्त आलं तर दोन्ही घड्याळं निर्धास्त घाला. 46 च्या खाली आलं तर टुडरचे लग कडेला पोचतील. तसं झालं तर आरशात बघा, जवळून खाली मान घालून नाही. जवळून कुठलंही घड्याळ मोठंच दिसतं.

जाडीतला एक मिलिमीटर शर्टाच्या कफला कळतो. शिंप्याकडून शिवून घेत असाल तर डाव्या कफला एक सेंटिमीटर जास्त द्यायला सांगा, दोन्हींपैकी कुठलंही घड्याळ आत जाईल. तयार शर्टात टुडर बऱ्यापैकी सरकतं, ओमेगा अडकतं. यात ओमेगाचा मोठा दोष नाही, त्याच्या मशीनची जाडीच तशी आहे आणि मागची बाजू काचेची आहे.

दिसण्यात मात्र उलटं घडतं. टुडरला फिरणारं बेझल (काचेभोवतीचं कडं) आहे, त्यामुळे तबकडीला उरलेली जागा कमी आणि घड्याळ आहे त्याहून लहान भासतं. अ‍ॅक्वा टेराला बारीक चकचकीत कडा आहे, तबकडी जवळजवळ काठापर्यंत, म्हणून एका मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दोन-तीनचा वाटतो. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी आणि जवळचा चष्मा लागलेल्यांनी हे मनावर घ्यावं. तारीख हवी असेल तर ती फक्त ओमेगात आहे, सहाच्या जागी. ब्लॅक बे 54 ला तारीखच नाही. चेकवर सह्या करणाऱ्यांना, रजिस्टर भरणाऱ्यांना हे खटकतं; बाकीचे फोन बघतात.

काच दोन्हींची सफायर, दोन्ही किंचित फुगीर. फरक लेपाचा. ओमेगाच्या काचेला दोन्ही बाजूंनी प्रतिबिंब मारणारा लेप आहे. टुडरला नाही. ऑफिसमधल्या पांढऱ्या ट्यूबखाली टुडर तिरकं धरलं की काचेवर दिव्याची वाकडी पट्टी उमटते आणि वेळ बघायला मनगट थोडं वळवावं लागतं. ओमेगाची काच तिथे आहे की नाही असा प्रश्न पडावा इतकी स्वच्छ दिसते. दुकानातला दिवा दोघांनाही सुंदर करतो, म्हणून घड्याळ घेऊन दाराशी या आणि रस्त्याच्या उजेडात, मग आतल्या साध्या ट्यूबखाली बघा. मात्र बाहेरच्या बाजूचा लेप सफायरइतका कठीण नसतो. वर्षा-दोन वर्षांत त्यावर केसासारख्या बारीक रेघा येऊ शकतात. काच फुटलेली नसते, लेप खरवडलेला असतो, आणि तो घासून काढायचा उद्योग गल्लीतल्या दुकानात करू नये.

मशीनकडे येऊ. ब्लॅक बे 54 मध्ये एमटी 5400 आहे, टुडरच्या केनिसी या कंपनीचं. पूर्ण चावीवर 70 तास चालतं, सिलिकॉनची हेअरस्प्रिंग (वेग ठरवणारी अगदी बारीक स्प्रिंग), कोस्क या स्विस तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र. अ‍ॅक्वा टेरा 38 मध्ये ओमेगाचं 8800. ते 55 तास चालतं, हेअरस्प्रिंग सिलिकॉनचीच, एस्केपमेंट (मुख्य स्प्रिंगची ताकद टिकटिक करत थोडी थोडी सोडणारा भाग) को-अ‍ॅक्सियल. इंग्लिश घड्याळजी जॉर्ज डॅनियल्स यांनी शोधलेली आणि ओमेगाने 1999 पासून विक्रीच्या घड्याळांत आणलेली ही रचना. शिवाय स्विस मापनशास्त्र संस्थेचं, म्हणजे मेटासचं, मास्टर क्रोनोमीटर प्रमाणपत्र.

ही दोन प्रमाणपत्रं एका पंक्तीत बसत नाहीत. कोस्क नुसतं मशीन तपासतं, केसमध्ये (घड्याळाच्या धातूच्या डबीत) घालण्याआधी: आयएसओ 3159 प्रमाणे 15 दिवस, पाच स्थितींत, तीन तापमानांना (8, 23 आणि 38 अंश), आणि दिवसाला उणे 4 ते अधिक 6 सेकंद चालवून घेतं. टुडर पुढे स्वतःच्या कारखान्यात पूर्ण जोडलेलं घड्याळ उणे 2 ते अधिक 4 मध्ये बसवते. मेटासची परीक्षा जोडलेल्या घड्याळाची, दहा दिवसांची. त्यात 15,000 गॉसच्या चुंबकक्षेत्रात ठेवणं आलं, पाण्याची चाचणी आली, आणि मर्यादा 0 ते अधिक 5 सेकंद. यातलं शून्य महत्त्वाचं. या मापात बसलेलं घड्याळ पुढे जाईल, मागे पडणार नाही. 8.02 ची फास्ट पकडणाऱ्या माणसाला पुढे गेलेलं घड्याळ चालतं. मागे पडलेल्याने लोकल चुकते. तरी हिशेब करा: टुडर महिन्याला जास्तीत जास्त मिनिटभर मागे किंवा दोन मिनिटं पुढे, ओमेगा अडीच मिनिटांपर्यंत पुढे. महिन्यातून एकदा वेळ लावणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही.

रात्री काढून ठेवताना थोडी चलाखी करता येते. डायल वर, क्राउन (चावी द्यायचा बाजूचा खुंट) वर, क्राउन खाली अशा स्थितींत प्रत्येक मशीनचा वेग थोडा वेगळा असतो. दर स्थितीत तीन-तीन रात्री ठेवून सकाळी फोनच्या वेळेशी ताडून सेकंद लिहून ठेवा. दहा दिवसांत कळतं की तुमचं घड्याळ कुठल्या कुशीवर झोपवलं की दिवसाची चूक भरून काढतं.

70 विरुद्ध 55 तासांचा फरक तुमच्या बाबतीत मात्र खरा आहे, कारण शनिवार-रविवार स्मार्टवॉच. शुक्रवारी रात्री आठला काढून ठेवलेलं ओमेगा सोमवारी पहाटे तीनला थांबतं. टुडर सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत चालतं. सोमवारी सकाळी घाईत क्राउन उघडून, चावी देऊन, वेळ आणि तारीख लावण्यात दोन मिनिटं जातात, आणि नेमकी तिथेच चूक होते: क्राउन परत आवळायचा राहतो. त्या आठवड्यात पाऊस असला की घड्याळ सर्व्हिस सेंटरला.

चुंबकत्वाबद्दल जाहिरातींनी लोकांना बरंच घाबरवलंय. साध्या चुंबकरोधक घड्याळाचं जुनं मानक सुमारे 60 गॉसचं आहे, आणि फोनच्या कव्हरमधला, लॅपटॉपच्या झाकणाच्या कडेचा, पर्सच्या बटनातला चुंबक अगदी चिकटून धरला तर त्याहून जोरदार असतो. पण दोन बोटं अंतर पडलं की जोर झपाट्याने ओसरतो. शिवाय टुडरची हेअरस्प्रिंग सिलिकॉनची असल्याने सगळ्यात नाजूक भागाला चुंबक लागतच नाही. बाकीच्या काही पोलादी भागांना थोडं लागू शकतं. घड्याळ अचानक दिवसाला अर्धा-एक मिनिट पळायला लागलं तर फोनमधलं होकायंत्र उघडून घड्याळ त्याच्या कडेने हळू फिरवा. सुई धडपडली तर डिमॅग्नेटाइज करून घ्या, काही सेकंदांचं काम आहे. ऑफिसच्या आयुष्यासाठी 15,000 गॉसचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. मोटार दुरुस्ती, ध्वनिमुद्रणाचे मोठे स्पीकर, प्रयोगशाळा असा धंदा असेल तर ओमेगा घ्या आणि विषय संपवा. 15,000 गॉस म्हणजे 1.5 टेस्ला, नेहमीच्या एमआरआय यंत्राइतकं. म्हणून कोणी घड्याळ घालून एमआरआयच्या खोलीत जाऊ नये. घड्याळाचं काही होणार नाही, पण स्टीलची वस्तू आणि माणूस ओढला जाण्याचा प्रश्न आहे.

आता पाणी. मुंबईकराने सगळ्यात जास्त लक्ष द्यावं अशी बाब ही. टुडर 200 मीटर, ओमेगा 150. या दोन आकड्यांतला फरक विसरून जा. मिलन सबवेत कमरेएवढ्या पाण्यात दोन्ही सारखीच सुरक्षित. आकडा किती यापेक्षा रबरी रिंगा कोणत्या स्थितीत आहेत आणि क्राउन मिटलेला आहे का, हे दोनच प्रश्न खरे. दोन्ही घड्याळांचा क्राउन आट्यांचा आहे. तो आवळताना आधी हलकेच दाबून उलटा फिरवा. आटे एकमेकांत बसल्याचा बारीक झटका बोटाला लागतो, मग सुलटा फिरवा. थेट सुलटा जोर लावला की आटे तिरके चढतात. असे चार-पाचदा झाले की नळीचे आटे झिजतात आणि मग केसमधली नळीच बदलावी लागते. तारीखवालं घड्याळ असेल तर वर्षातून पाच वेळा, म्हणजे 31 पेक्षा कमी दिवसांच्या महिन्यांनंतर, क्राउन उघडावाच लागतो. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख पुढे ढकलू नका. आतला दात तेव्हा गुंतलेला असतो.

पावसाने घड्याळं खराब होतात त्याहून जास्त गरम पाण्याच्या आंघोळीने होतात. गरम वाफेत रबर आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, साबणाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा फटीत लवकर शिरतं, आणि बाहेर येऊन पंख्याखाली केस एकदम गार पडली की आतली हवा आकसून बाहेरचा दमटपणा ओढते. नवं घड्याळ हे सहन करतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी करेलच असं नाही. दुसऱ्या वर्षानंतर दर मे महिन्यात दाबाची चाचणी करून घ्या, पाऊस सुरू व्हायच्या आधी. जूनमध्ये रांग असते.

शंका आली तर घरी एक तपासणी करता येते, आणि ती कारखान्यातल्या पद्धतीचीच आहे. घड्याळ कोमट करायचं, 40 ते 45 अंश, म्हणजे हाताला गरम पण चटका न देणारं. गरम पाण्याने भरलेल्या स्टीलच्या डब्याच्या झाकणावर रुमाल घालून त्यावर अर्धा तास ठेवलं तरी पुरतं. मग काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा, मिनिटभर थांबायचं, थेंब टिपून घ्यायचा. थेंबाच्या जागी काचेच्या आतून धुकं दिसलं आणि पुसून जात नसलं, तर आत ओल आहे. तेव्हा तांदळाच्या डब्यात पुरणं, उन्हात ठेवणं, क्राउन ओढून हेअर ड्रायर मारणं यातलं काहीही करू नका. आतली वाफ बाहेर जात नाही, फिरून काट्यांवर आणि स्क्रूंवर बसते. एक-दोन दिवसांत उघडून सुकवलं तर बहुतेक वेळा नुसती सर्व्हिसिंग लागते. पंधरा दिवस गेले तर गंज चढतो आणि भाग बदलावे लागतात.

खारं पाणी, मग ते मांडव्याच्या लाँचवरचे तुषार असोत की किहीमला पोहणं, त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायचं. घामही खारंच पाणी आहे हे लोक विसरतात. एप्रिल ते जून दर पंधरवड्याला वाटीभर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, क्राउन आवळल्याची खात्री, आणि मऊ दातघासणीने कड्यांच्या फटी, लॉकचे सांधे, मागची बाजू. टुडरचं बेझल असताना एक काम वाढतं: त्याच्या खाली घाम आणि धूळ मिळून राखाडी खडी जमते आणि फिरवताना खरखर येते. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून तिथेच पाण्यात चार-पाच फेरे द्यायचे. सुटलं नाही तर चाकू घालून उचकटू नका.

चामडी पट्टा दोन्हींना शोभतो, पण जून ते सप्टेंबर तो कपाटात ठेवा, तोही सिलिका जेलच्या पुडीसह, नाहीतर गणपतीपर्यंत त्यावर पांढरी बुरशी येते. इथे टुडरचा एक छोटा पण कायमचा फायदा आहे. त्याच्या दोन लगांमधली जागा 20 मिलिमीटर, आणि अब्दुल रहमान स्ट्रीटवर या मापाचे नायलॉन आणि रबराचे पट्टे हवे तितके. अ‍ॅक्वा टेरा 38 ची 19. त्या मापाचा पट्टा शोधावा लागतो, आणि 20 चा दाबून बसवला तर कडा चुरगळतात.

ओरखडे. टुडरचं बेझल अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचं आहे, लोकलच्या दारातल्या दांड्याला घासलं की पांढरी रेघ येते आणि ती राहते. पण ते बदलता येतं, आणि टूल वॉचवर, म्हणजे कामाच्या रांगड्या घड्याळावर, ती रेघ फार बोचत नाही. अ‍ॅक्वा टेराच्या चकचकीत कडेवर पहिल्याच महिन्यात जाळं पडतं. दोन्हींच्या बाबतीत एकच सांगणं: दर सर्व्हिसिंगला पॉलिश करून घेऊ नका. दरवेळी धातू जातो, लगची धार गोल होते, आणि विकायला गेलात तर जाणकार गिऱ्हाईक आधी तेच बघतो. सर्व्हिसच्या पावतीवर "पॉलिश नको" असं लिहून घ्या, नुसतं तोंडी सांगणं पुरत नाही.

सर्व्हिसिंगच्या बाबतीत कोणाचाही वरचष्मा नाही. टुडर रोलेक्सच्या घरची, ओमेगा स्वॉच समूहाची, आणि दोघांचेही सुटे भाग बाहेरच्या घड्याळजीला सहसा मिळत नाहीत. को-अ‍ॅक्सियलला तेल नेमक्या जागी, नेमकं तितकंच लागतं. ते काम ओळखीच्या दुकानात देऊ नये, मग तो माणूस कितीही कुशल असो. वॉरंटी दोन्हींची पाच वर्षं. घेण्याआधी पूर्ण सर्व्हिसिंगचा आणि फक्त रबर बदलून दाबचाचणीचा, असे दोन वेगळे दर सर्व्हिस सेंटरकडून लेखी मागा. किंमत सांगताना दुकान हा आकडा सांगत नाही.

पैसे. भारतात किमतीत 18 टक्के जीएसटी आणि त्याआधी सीमाशुल्क असतं. स्वित्झर्लंडचा समावेश असलेल्या एफ्टा गटाशी झालेला करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला आहे आणि स्विस घड्याळांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरायचं आहे. त्यासाठी थांबून राहू नका. कंपन्या दरवाढही करतात. पण नवी किंमत कधीपासून लागू आहे ते विचारा. दोन लाखांवर पॅन लागतो आणि तेवढी रोख रक्कम दुकान घेऊ शकत नाही. कोणी घेतो म्हणत असेल तर ते दुकान सोडा. दुबई किंवा सिंगापूरहून आणायचा विचार असेल तर करमुक्त सवलत या किमतीच्या मानाने किरकोळ असते, वरच्या रकमेवर शुल्क भरावं लागतं. ते धरून हिशेब केला की फरक बराच विरघळतो. उलट, इथे घेतलेलं घड्याळ घालून परदेशी जाणार असाल तर जाताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात दाखला करून घ्या, म्हणजे परतताना वाद नको. गुंतवणूक म्हणून दोन्हींपैकी एकही घेऊ नका. दुकानाबाहेर पडलं की किंमत उतरते.

ओमेगा केव्हा घ्यावं? प्रवास गाडीतून, कपडे बहुधा सूट किंवा ब्लेझर, तारीख लागतेच, आणि दिवसातून दहा वेळा तबकडी बघून बरं वाटायला हवं. ते आडव्या पट्ट्यांचं डायल आणि कोरलेले काटे टुडरपेक्षा एक पायरी वरचे आहेत, यात वाद नाही. आणि हे दोन्ही खिशाला जड वाटत असेल तर लाँजीन्स स्पिरिट 40 एकदा हातात घ्या: कोस्क, 72 तास, 100 मीटर, सिलिकॉनची हेअरस्प्रिंग, आणि किंमत बरीच खाली. लगांमधली जागा 21 मिलिमीटर, एवढीच गोम.

खरेदी शक्यतो संध्याकाळी पाचनंतर करा, दिवसभर काम केलेल्या, फुगलेल्या मनगटावर, आणि दुकानात किमान वीस मिनिटं घड्याळ घालून बसा. टुडरची चेन बसवून घेताना लॉक मधल्या खाचेत ठेवायला सांगा, म्हणजे दोन्ही दिशांना जागा उरते. त्या स्थितीत चेनखाली करंगळीचं टोक जेमतेम जायला हवं. कड्या दोन्ही बाजूंनी काढायच्या, आणि सहा वाजल्याच्या बाजूला एखादी कमी ठेवली तर लॉक मनगटाच्या मधोमध येतं. कड्यांच्या स्क्रूला कमी ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू जागी धरणाऱ्या गोंदाचा) अगदी सुईच्या टोकाएवढा थेंब लावून घ्या, लोकलच्या धक्क्यांनी स्क्रू सैल होतात. वॉरंटी कार्डावरचा क्रमांक केसवरच्या क्रमांकाशी स्वतः जुळवा. आणि काढलेल्या कड्या मोजून, त्यांच्या स्क्रूंसकट, पुडीत घेऊनच निघा. त्या हमखास काउंटरवर राहतात.